बिल्टीवरचे नाव

आमच्या घरी लोखंडी पेटीत एक बिल्टी जपून ठेवलेली आहे. ओली होऊन वाळलेली, कडा पिवळ्या पडलेली. बिल्टी म्हणजे माल नेणारा ट्रान्सपोर्टवाला माल धाडणाऱ्याला फाडून देतो ती पावती. कुणाचा माल, कुणाकडे चालला, किती कट्टे, कोणत्या गाडीत, भाडे किती, हे तिच्यावर लिहिलेले असते. ज्या वाचकांचे आयुष्य मोंढ्यात गेले त्यांना हे सांगायला नको. ज्यांना माल फक्त दुकानात दिसतो, त्यांच्यासाठी सांगितले. ही बिल्टी २०१९ च्या ऑक्टोबरातली. तिच्यावर गाडीचा नंबर आमचा, ड्रायव्हर म्हणून खाली सही आमची, आणि वर मोठ्या अक्षरात छापलेले नाव दुसऱ्याचे.

आम्ही म्हणजे नवरा-बायको. एक गाडी चालवतो, एक कागद सांभाळते. हा मजकूर दोघांनी मिळून लिहिला आहे, एकाने सांगायचे आणि दुसरीने लिहायचे असा. म्हणून यात 'मी' कुठे येणार नाही.

आमचे आबा नांदेडच्या मोंढ्यात हमाल होते. बाजार समितीचा परवाना आणि दंडाला बांधायचा पितळी बिल्ला, एवढी त्यांची ओळख. बिल्ल्यावर नाव नसायचे, आकडा असायचा. आडत्या हाक मारायचा ती आकड्यानेच. आबांना लिहिता-वाचता येत नाही, पण आकडे सगळे येतात. वजनकाट्याची चिठ्ठी ते आजही आमच्या आधी वाचतात. पाठीवर कट्टे वाहून त्यांनी आम्हाला शिकवले आणि २०१६ साली आम्ही जुनी सहाचाकी गाडी घ्यायची म्हटल्यावर पोस्टातले सगळे पैसे काढून दिले. बाकीचे कर्ज. गाडी लातूरच्या मालकाची होती, म्हणून पाटीवर एमएच २४. त्यामुळे नांदेडात आम्ही लातूरवाले आणि लातुरात नांदेडवाले. चेकिंगला उभे केले की दोन्हीकडे परके.

आमचा रस्ता ठरलेला. नांदेड, लोहा, अहमदपूर, चाकूर, लातूर. पूर्वीचा खड्ड्यांचा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ३६१ झाला आहे, तुळजापूरहून थेट नागपूरच्या अलीकडे बुटीबोरीला जाणारा. नांदेड भागातले सोयाबीन लातूरच्या तेल कारखान्यांकडे न्यायचे आणि येताना लातूरच्या मिलची तुरीची डाळ, नाहीतर तेलाचे डबे भरायचे. परतीचे भाडे मिळाले तर धंदा, नाहीतर डिझेल जाळून घरी येणे. गाडीवाल्याचे अर्धे आयुष्य परतीच्या भाड्याची वाट पाहण्यात जाते. एकदा तर आम्ही लातुरात तीन दिवस गंजगोलाईच्या मागे गाडीतच झोपून काढले होते.

हे भाडे मिळायचे एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसातून. कंपनी म्हणजे एक टेबल, दोन फोन आणि एक बिल्टीबुक. व्यापारी फोन करायचा त्यांना, बिल्टी फाडायचे ते, भाडे ठरवायचे ते. आम्ही त्यांचे कमिशन कापून उरेल ते घ्यायचे. त्यात गैर असे काही नाही. भाडे जमवणे हेही काम आहे आणि ते त्यांनी वर्षानुवर्षे ओळखी करून उभे केले होते.

मग २०१८ साली ई-वे बिल आले. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणाऱ्या मालासाठी १ एप्रिलपासून आणि आपल्या महाराष्ट्रातल्या आतल्या वाहतुकीसाठी २५ मेपासून. पन्नास हजारांच्या वरचा माल असेल तर सरकारच्या साइटवर बिल काढल्याशिवाय गाडी हलवायची नाही. राज्याच्या आतल्या मालासाठी ही मर्यादा पुढे जुलैपासून एक लाख झाली. आमच्या एका खेपेत नव्वद क्विंटल सोयाबीन जाते. २०१९ चा हमीभाव क्विंटलला ३,७१० रुपये होता, म्हणजे त्या भावाने सव्वातीन लाखांच्या वर माल. तेव्हा बिल लागणारच. सुट्या डाळीला लागत नाही, ती करमुक्त. पण सोयाबीनला आणि तेलाला लागते. या बिलाचे दोन भाग असतात. पहिल्यात मालाची आणि व्यापाऱ्याची माहिती. दुसऱ्यात गाडीचा नंबर. आणि या दोन्हींना जोडणारा एक रकाना असतो: ट्रान्सपोर्टरचा आयडी, पंधरा अक्षर-आकड्यांचा. ज्याचा आयडी तिथे घातला, तोच पुढे गाडीचा नंबर भरू शकतो, गाडी मध्येच बंद पडली तर बदलू शकतो. आमच्या बिलावर तो आयडी कंपनीचा असे. आमचा गाडीचा नंबर तेवढा खाली.

आम्हाला त्याचे काही वाटत नव्हते. पावसापर्यंत.

त्या वर्षी परतीच्या पावसाने मराठवाड्यात काय केले ते सगळ्यांना आठवत असेल. उभ्या पिकाला कोंब फुटले होते. आमची गाडी त्या रात्री लोह्याच्या पुढे असताना आभाळ फाटले. ताडपत्री वरून बांधलेली होती, पण मागच्या कोपऱ्याला एक चीर होती आणि आम्ही ती शिवायची शिवायची म्हणत राहिलो होतो. सकाळी लातुरात गाडी खाली करताना मागचे सतरा कट्टे भिजलेले निघाले. कारखान्याच्या माणसाने ते बाजूला काढले, ओलावा मोजला आणि बिल्टीच्या मागे शेरा मारला. दुपारी कंपनीच्या ऑफिसात आमच्या हिशेबातून अकरा हजार कापले गेले.

आम्ही म्हणालो, "शेठ, बिल्टी तुमच्या नावाची आहे. मालाची जबाबदारी तुम्ही घेतली. भाड्यातले कमिशन तुम्ही घेता. मग नुकसान सगळे आमच्याच बोडक्यावर का?"

ते म्हणाले, "गाडी कुणाची? ताडपत्री कुणाची?"

याला आमच्याकडे उत्तर नव्हते. ताडपत्री खरोखरच आमची होती आणि खरोखरच फाटकी होती. आम्ही सरळ व्यापाऱ्याकडे गेलो, की बाबा, वाळवून देतो, थोडे सोडून द्या. तो माणूस वाईट नव्हता. त्याने पाणी दिले, आणि अगदी सहज विचारले, "पण तुम्ही कोण?" तीन वर्षे आम्ही त्याचा माल वाहत होतो. त्याच्या वहीत कंपनीचे नाव होते. आमचे कुठेच नव्हते.

नुकसानीची जबाबदारी आमची आणि नाव मात्र दुसऱ्याचे, ही गोष्ट त्या दिवशी डोक्यात बसली. अकरा हजार गेले त्याचे दुःख महिनाभर होते. "तुम्ही कोण" हे अजून जात नाही.

नांदेडला येऊन आम्ही एका कर सल्लागाराकडे गेलो. ते म्हणाले, जीएसटीचा नंबर काढावा लागेल, दर महिन्याला रिटर्न भरावे लागेल, आमची फी अमुक. आकडा ऐकून आम्ही चहा न घेता उठलो. दुसऱ्या एका केंद्रावर सांगितले, ट्रान्सपोर्टचा आयडी काढून देतो, तीन हजार लागतील. कशाचे तीन हजार, तर "वरपर्यंत द्यावे लागतात."

आमचा भाचा तेव्हा कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याने दोन रात्री मोबाइलवर सरकारी माहिती वाचून काढली आणि तिसऱ्या दिवशी आम्हाला समोर बसवून शिकवले. तो म्हणाला, "मामा, कायद्यानं ट्रान्सपोर्टवाला कोण? जो बिल्टी फाडतो तो. जो नुसती गाडी भाड्यानं देतो तो नाही. तुम्ही आजवर दुसऱ्या प्रकारात होता." मग त्याने सांगितले ते असे. बिल्टी फाडणाऱ्याच्या भाड्यावरचा जीएसटी जर व्यापारीच भरणार असेल, आणि त्याचे सगळेच काम त्या प्रकारचे असेल, तर त्याला जीएसटीचा नंबर घ्यायची सक्ती नाही. अशा माणसासाठी ई-वे बिलाच्या साइटवरच वेगळी नोंदणी आहे. ती केली की पंधरा अक्षर-आकड्यांचा आयडी मिळतो. त्याला ट्रान्सिन म्हणतात. सरकारी फी शून्य.

"शून्य?" आम्ही दोनदा विचारले.

"शून्य, मामी. वरपर्यंत कुणीच बसलेलं नाही. तिथं कॉम्प्युटर आहे."

भाच्याने आणखी एक सांगितले, तेही वाचकांच्या कामाचे. ज्याच्याकडे दहा किंवा त्याहून कमी गाड्या आहेत त्याने आपला पॅन आणि तसे लेखी दिले, तर भाड्यातून प्राप्तिकराची कपात करायची नसते. हे २०१५ पासून आहे. आमचा एक टक्का दर खेपेला कापला जात होता. तो कुठे भरला गेला याचा कागद आम्ही कधी मागितला नाही, कारण असा कागद असतो हेच ठाऊक नव्हते.

डिसेंबरात एका रविवारी आम्ही वस्तीतल्या ओळखीच्या मुलाच्या केंद्रात बसलो. फॉर्म लहानच होता. राज्य, नाव, पॅन, धंदा कोणत्या प्रकारचा, एकट्याच्या मालकीचा की भागीदारीचा, पत्ता, मोबाइल, आधार, आणि पत्त्याचा पुरावा. आम्ही नाव सांगितले, मुलाने टाइप केले, पॅन टाकला, तपासणीचे बटण दाबले. नाव जुळत नाही, असे आले. पुन्हा केले. पुन्हा तेच. मग त्याने पॅनकार्ड हातात घेऊन निरखून पाहिले आणि थोडा वेळ काही बोललाच नाही.

आमच्या आबांचे नाव आम्ही इथे लिहीत नाही. रीत तेवढी सांगतो, म्हणजे जाणत्या वाचकांना कळेल. कोंडिबाचे कोंड्या, राघोबाचे राघ्या. शेवटचा 'बा' काढायचा आणि 'या' लावायचा. लोहा तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत आमच्यातल्या एकाचे नाव घालताना मास्तरांनी बापाचे नाव असे लिहून घेतले होते. त्याच वर्गातल्या पाटलाच्या पोराच्या बापाला 'राव' होते. आमच्या वस्तीतल्या पोरांच्या बापांना 'या' होता. टीसीवरून बोर्डाचे सर्टिफिकेट झाले, त्यावरून पॅन. आधार काढताना मात्र आम्ही स्वतः नीट सांगून लिहून घेतले होते. म्हणून आधारवर एक बाप आणि पॅनवर दुसरा. आणि मधले नाव म्हणजे बापाचेच, तेव्हा आमच्या स्वतःच्या नावाचीही दोन रूपे झाली.

केंद्रातला मुलगा आपल्यातलाच. तो हळूच म्हणाला, "दादा, पॅनवर आहे तसं टाकू का? पाच मिनिटांचं काम आहे. नाव कोण वाचतंय, नंबर पाहतात."

त्याचे बरोबर होते. नंबर मिळाला असता. पण सरकारी नोंदीत माल वाहून नेणारा म्हणून जे नाव चढले असते त्यात आबा त्या रूपात असते, आणि बिल्टीबुकावर मालक म्हणून आम्हाला तेच छापावे लागले असते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि खुर्चीवरून उठलो.

घरी आल्यावर आबांना सांगायचे नाही असे ठरले होते, पण त्यांनी चेहऱ्यावरून ओळखले. सगळे ऐकून ते हसले. म्हणाले, "मला जलमभर त्याच नावानं हाक मारली लोकायनं. नाहीतर बिल्ल्याच्या नंबरानं. काहून एवढा खोळंबा करता? गाडीचा हप्ता चढतोय." आम्ही म्हटले, आबा, महिनाभर लागेल. ते म्हणाले, "लागू द्या मग," आणि तंबाखू मळत बाहेर जाऊन बसले. त्यांना काय वाटले ते आम्ही विचारले नाही.

पॅन दुरुस्तीचा अर्ज भरला. आधारची प्रत जोडली, शे-सव्वाशे रुपये फी भरली. पॅनचा नंबर तोच राहतो, नाव तेवढे बदलते. नवे कार्ड जानेवारीच्या शेवटी पोस्टाने आले. तोवर त्याच कंपनीची भाडी मारली. ताडपत्री आधी नवी घेतली.

दुसऱ्या वेळी फॉर्म भरायला बसलो तेव्हा नाव एका झटक्यात जुळले. पण पुढे आधारची तपासणी होती आणि तिचा ओटीपी जाणार होता तो गाडीवरच्या मोबाइलवर. गाडी निघालेली होती लातूरला. म्हणजे आमच्यातली एक नांदेडला खुर्चीवर आणि दुसरा स्टेअरिंगवर. फोन केला तेव्हा तो अहमदपूर ओलांडून पुढे गेलेला. रेंज येत-जात होती. चाकूरच्या एका धाब्यावर गाडी बाजूला लावून तो बाजेवर उभा राहिला, कारण तिथे एक काडी जास्त येत होती. पहिला ओटीपी आला तोवर वेळ संपला. दुसरा वाचताना ट्रकचे हॉर्न वाजले आणि 'सात' चे 'साठ' ऐकू आले. तिसऱ्या वेळी धाब्यावरच्या पोराने आकडे मोठ्याने ओरडून सांगितले. ते बरोबर निघाले. त्या पोराला आम्ही पुढे कितीतरी खेपांना भजी खाल्ल्यावर वरचे पैसे ठेवले आहेत.

तर असा तो नंबर आला. सुरुवातीला २७, म्हणजे महाराष्ट्र. मग पॅनची दहा अक्षरे-आकडे आणि शेवटी पडताळणीचे. भाच्याने त्याचीही फोड करून दाखवली. पॅनमधले चौथे अक्षर 'पी' असेल तर तो एका व्यक्तीचा पॅन. कंपनीचा असता तर 'सी' असते. पाचवे अक्षर म्हणजे आडनावाचे पहिले अक्षर. पुढे २७ लागल्यामुळे आमच्या आयडीत आडनाव सातव्या जागेवर येते, तेही एकाच अक्षराचे. त्यावरून कुणाला काही ओळखता येणार नाही. बापाचे नाव तर त्यात नाहीच. ज्यासाठी आम्ही दोन महिने थांबलो ते नंबरात कुठेच दिसत नाही, हे कळल्यावर आम्हाला हसूही आले.

या नंबरांचे आम्हाला तेव्हापासून वेडच लागले. रस्त्याने कंटेनर जाताना दिसला की त्याच्या पाठीवरची चार इंग्रजी अक्षरे पाहतो. शेवटचे बहुतेक 'यू' असते. ती कंटेनरच्या मालकाची खूण, आणि ती नोंदवून देणारे ऑफिस पॅरिसला आहे. तिकडे अमेरिकेत माल वाहणाऱ्या कंपन्यांना दोन ते चार अक्षरांची खूण असते. ती तिथली मोटार मालवाहतूकदारांची संघटना देते आणि दर वर्षी पैसे भरून नवी करून घ्यावी लागते. ती खूण नसेल तर कस्टमवाले मालाचे कागद घेत नाहीत, मोठे व्यापारी दारात उभे करत नाहीत. म्हणजे "तुम्ही कोण" हे तिकडेही विचारतातच. आम्हाला फुकटात मिळाले, हा आपला फायदा.

नंबर मिळाला, पण बिल्टीबुक छापायचे राहिले होते. प्रेसवाल्याने फर्मचे नाव विचारले. काय ठेवले ते इथे लिहिले तर जाहिरात होईल, म्हणून सोडून देतो. मग त्याने विचारले, "वर काय टाकू? श्री, गणपती, बालाजी, सगळे ब्लॉक तयार आहेत." यावर आमच्या दोघांत दोन दिवस वाद झाला. एकाचे म्हणणे, बुद्धाची प्रतिमा टाकू, भ्यायचे कुणाला. दुसरीचे म्हणणे, बिल्टी हमालांच्या हातात जाते, तेलाच्या डब्यांखाली पडते, लोक तिच्यावर चहाचा कप ठेवतात. प्रतिमा तिथे नको. शेवटी आठ आऱ्यांचे चाक छापले. व्यापाऱ्यांना ते गाडीचे चाक वाटते. ज्यांना कळायचे त्यांना कळते. नांदेडच्या एका आडतीवर मुनीमजींनी बिल्टी हातात घेतली, चाकाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले आणि खालच्या आवाजात "जयभीम" म्हणाले. पंधरा वर्षे त्या आडतीवर जाणे-येणे, पण ते आपले आहेत हे आम्हाला त्या दिवशी कळले.

सगळीकडे असे झाले असे मात्र समजू नका. लातूरच्या ज्या व्यापाऱ्याने "तुम्ही कोण" विचारले होते त्याच्याकडे आम्ही पहिले बिल्टीबुक घेऊन गेलो. त्याने आयडी वहीत उतरवून घेतला, भाव विचारला. मग आडनाव विचारले. मग गाव विचारले. मग गावात घर कोणत्या बाजूला, हे विचारले. आम्ही उत्तरे दिली. तो म्हणाला, "बघू, कळवतो." त्याने कळवले नाही. आयडी नव्हता म्हणून त्याने आधी ओळखले नाही, की आयडी होता तरी काही फरक पडला नसता, हे आम्ही आजही सांगू शकत नाही. दुसऱ्या दोघांनी काही न विचारता माल दिला. त्यातल्या एकाला फक्त एवढेच हवे होते की गाडी सकाळी सहाला दारात पाहिजे.

पहिली स्वतःची बिल्टी फाडली ती २०२० च्या मार्चच्या पहिल्या आठवड्यात. नव्वद क्विंटल सोयाबीन, नांदेड ते लातूर. तेव्हा ई-वे बिलाला शंभर किलोमीटरला एक दिवस मिळे. आता २०२१ पासून दोनशेला मिळतो. आमचा रस्ता शंभराच्या वर आणि दोनशेच्या आत, म्हणून तेव्हा दोन दिवस मिळत आणि आता एकच. त्या रात्री गाडीवरचा झोपला नाही आणि घरातलीही. बिल्टी आपली म्हणजे भिजलेला प्रत्येक कट्टा आपला, हे आता छापील होते. पूर्वी आम्ही म्हणत होतो की नाव त्यांचे आणि नुकसान आमचे. आता नावही आमचे होते, आणि पोटात गोळा आला होता.

तीन आठवड्यांनी लॉकडाऊन लागला. कंपनीच्या ऑफिसाला कुलूप. आमच्यासोबतचे कितीतरी गाडीवाले भाडे कुणाकडे मागायचे या विचारात घरी बसले. मालवाहतुकीला सरकारने मोकळीक दिली होती, पण बिल्टी कोण फाडणार? आम्ही फाडत होतो. एप्रिलमध्ये लातूरहून डाळ आणि तेल आणले, ओळखीच्या दोन गाड्यांनाही भाडी दिली. त्यांच्याकडून कमिशन घ्यायचे की नाही यावर पुन्हा घरात वाद. घेतले, पण कमी. कमिशन घेताना हात थोडा अडखळला हे कबूल करतो. लॉकडाऊनमध्ये रिकाम्या रस्त्याने अहमदपूरचा घाट उतरताना आपलीच एक गाडी जगात उरली असे वाटायचे. असो.

एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली, ती वाचकांना आधीच सांगून ठेवतो. ट्रान्सिन मिळाले म्हणजे सगळे झाले असे नाही. रस्त्याने माल वाहण्याचा धंदा करणाऱ्यांसाठी २००७ चा वेगळा कायदा आहे. तो २०११ पासून लागू आहे. त्याआधी चक्क १८६५ चा, इंग्रजांचा कायदा चालत होता. नव्या कायद्याने बिल्टी फाडून माल ताब्यात घेणाऱ्याला परिवहन खात्याकडे नोंदणी करावी लागते. त्यात आमच्यासारख्यांच्या उपयोगाचीही एक गोष्ट आहे. जादा दर देऊन जास्त जोखीम ठरवून घेतलेली नसेल तर नुकसानीची जबाबदारी भाड्याच्या दहा पटींपर्यंतच असते. सात हजार भाडे असेल तर सत्तर हजार. आम्हाला हे २०१९ साली ठाऊक असते तर अकरा हजार वाचले असते असे नाही, ते त्या मर्यादेच्या आतलेच होते. पण सव्वातीन लाखांचा माल आणि रात्रीचा पाऊस, या विचाराने ज्या रात्री झोप उडाली त्या थोड्या कमी झाल्या असत्या.

आबांना आम्ही पहिल्या बिल्टीची कार्बनची प्रत दिली. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवले, २७ वाचले, मध्ये अक्षरे आली तिथे थांबले, पुढचे आकडे वाचले. म्हणाले, "लई लांब आहे. माझा दोनच आकड्यांचा होता." मग मालकाचे नाव कुठे आहे ते दाखवायला लावले आणि त्या जागेवर बोट ठेवून, त्यातले माझे कोणते, असे विचारले. दाखवले. प्रत त्यांनी घडी घालून खिशात ठेवली. पेटीत ठेवायला परत मागितली तर देत नाहीत.

आता संध्याकाळी वस्तीतले गाडीवाले आमच्याकडे कागद घेऊन येतात. कुणाचा टेम्पो, कुणाची छोटी पिकअप. आम्ही पैसे घेत नाही. एकच अट घालतो, की आधी पॅनवरचे स्वतःचे नाव मोठ्याने वाचायचे. गेल्या आठवड्यात भीमघाटाकडचा एक तरुण आला होता. त्याने वाचले, आणि मधल्या नावाशी आला तेव्हा आवाज खाली गेला. त्यालाही 'या' होता. आम्ही त्याला आमची सगळी हकीकत सांगितली, दुरुस्तीचा फॉर्म काढून दाखवला, तीन आठवडे लागतील म्हटले. त्याने बराच वेळ विचार केला. मग म्हणाला, "ताई, नाव मागून बदलतो. आत्ता आहे तसंच टाका. पहाटे चारला माल भरायचा आहे."

आम्ही आहे तसे टाकून दिले.